'डबल इन्डेम्निटी' नीट कसा बघायचा: स्क्रीनच्या सेटिंगपासून तिसऱ्यांदा बघण्यापर्यंत

हा पिक्चर मी आजवर बऱ्याच जणांना बसवून दाखवलाय आणि नंतर जवळपास प्रत्येकाकडून तीच तीन वाक्यं ऐकलीत. "खुनी कोण ते तर सुरुवातीलाच सांगून टाकलं, मग दोन तास बघायचं काय?" "तिचा विग किती खोटा दिसतो." आणि "हिरो एकाच सुरात बोलतो की." या तिन्ही तक्रारी करणारी माणसं हुशारच असतात, फक्त पिक्चर चुकीच्या पद्धतीने, चुकीच्या क्रमाने बघितलेला असतो. म्हणून हा क्रम लिहून काढतोय. तो मी याच एका पिक्चरवर बसवलाय, कारण एक पिक्चर असा नीट बघितला की पुढचे दहा नॉयर (गुन्हा, फसवणूक आणि गडद सावल्यांचे ते जुने हॉलीवूड पिक्चर) आपोआप नीट दिसायला लागतात, आणि वरवर दहा बघून मात्र एकही हाती लागत नाही.

कामापुरती माहिती एवढीच: १९४४ साल, काळा-पांढरा, १०७ मिनिटं, दिग्दर्शक बिली वाइल्डर, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांची, मूळ कादंबरी जेम्स एम. केन यांची, कॅमेरा जॉन साइट्झ. तीन मुख्य माणसं म्हणजे विमा एजंट वॉल्टर नेफ (फ्रेड मॅकमरे), गिऱ्हाइकाची बायको फिलिस डीट्रिक्सन (बार्बरा स्टॅनविक) आणि विमा कंपनीचा क्लेम मॅनेजर बार्टन कीज (एडवर्ड जी. रॉबिन्सन). पोस्टर, पुरस्कार, कुठल्या नटाने आधी भूमिका नाकारली हे सगळं नंतर वाचा, बघायच्या आधी त्याचा काही उपयोग नाही.

सूचना: पायरी ४ पर्यंत कथेतलं काही फोडलेलं नाही. पायरी ५ पासून सगळं उघड आहे. पिक्चर बघितला नसेल तर चौथ्या पायरीनंतर थांबा, बघा आणि मगच पुढे या.

## पायरी १: खोली आणि स्क्रीन

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात आणि आपण चुकलो हे त्यांना कळतही नाही. नॉयरमध्ये अर्धी गोष्ट अंधारात असते. ट्यूबलाइट चालू ठेवून, टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर टाकून बघितलं की काळा रंग राखाडी होतो आणि सावल्या नुसत्या धुरकट दिसतात.

बघायला बसण्याआधी हे क्रमाने करा:

१. खोलीतले सगळे दिवे बंद. अगदीच अंधार नको असेल तर टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा ठेवा, समोर किंवा डोक्यावर नको, काचेत प्रतिबिंब पडतं.

२. टीव्हीचा पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' यातला जो असेल तो लावा. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असतं, ते शोधून बंद करा. ते चालू राहिलं तर मॅकमरेची चाल सिरियलमधल्या माणसासारखी दिसते.

३. फ्रेम जवळपास चौकोनी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणार. त्या घालवायला झूम किंवा स्ट्रेच करू नका. वडीलधारी मंडळी "पूर्ण स्क्रीनवर कर ना" म्हणतात तेव्हा त्यांना शांतपणे सांगा की झूम केलं तर वरून कपाळं आणि खालून हात कापले जातात, आणि या पिक्चरमध्ये हातांवर फार काही अवलंबून आहे.

४. कुणीतरी रंग भरलेल्या क्लिपा ऑनलाइन दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. साइट्झने प्रकाश राखाडीच्या छटांमध्ये तोलून लावलाय, त्याच्यावर रंग चढवला की सावली नुसता डाग होऊन बसते.

मोबाइलवर बघू नका असं मी हट्टाने सांगतो. लॅपटॉप चालेल, पण मांडीवर घेऊन नको, टेबलावर ठेवा, समोर नीट बसा आणि स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा.

तपासणी: सुरुवातीची नावं येतात तेव्हा कुबड्या घेतलेला एक माणूस सावलीसारखा आपल्या दिशेने चालत येतो. ती आकृती एकसंध काळी दिसायला हवी आणि मागचा राखाडी भाग वेगळा उठून यायला हवा. आकृतीच राखाडी दिसत असेल तर ब्राइटनेस कमी करा. आणि मागचं सगळंच काळं झालं असेल तर थोडा वाढवा.

## पायरी २: आवाज आणि सबटायटल

या पिक्चरचा निम्मा भाग नेफच्या निवेदनावर चालतो. टीव्हीच्या बारीक स्पीकरवर पंख्याच्या आवाजात ते नीट पोचत नाही. साधे हेडफोन किंवा एखादा बरा स्पीकर पुरतो, फक्त 'सराउंड' वगैरे इफेक्ट बंद ठेवा, आवाज उगाच पोकळ होतो.

सबटायटल पहिल्यांदा लावा, लाजू नका. १९४० च्या दशकातली अमेरिकन बोली आहे, संवाद भराभर येतात, त्यात विम्याच्या धंद्यातले शब्द. पण दुसऱ्यांदा बघताना मात्र नक्की बंद करा. सबटायटल असलं की डोळा सारखा खाली जातो आणि चेहऱ्यावरचा तो अर्धा सेकंद निसटतो, आणि या पिक्चरमधला अभिनय नेमका त्या अर्ध्या सेकंदात आहे.

## पायरी ३: बघण्याआधी दहा मिनिटं

कथा वाचू नका, रिव्ह्यू तर नकोच. फक्त एवढ्या चार गोष्टी डोक्यात ठेवा.

नावाचा अर्थ. आपल्याकडे विमा पॉलिसीत 'डबल ॲक्सिडेंट बेनिफिट' म्हणतात ना, अपघाती मृत्यू झाला तर दुप्पट रक्कम, तसंच काहीसं हे कलम. पिक्चरमध्ये ते काही ठरावीक, क्वचित होणाऱ्या अपघातांनाच लागू आहे. मूळ रक्कम ५०,००० डॉलर, दुप्पट झाली तर १,००,०००. हे आकडे माहीत असले की मधली हिशोबाची बोलणी डोक्यावरून जात नाहीत.

डिक्टाफोन. ऑफिसात मेमो बोलून ठेवायचं यंत्र. माणूस त्यात बोलतो, आवाज सिलिंडरवर उमटतो आणि नंतर टायपिस्ट तो ऐकून टाइप करते. नेफ सगळी गोष्ट या यंत्रात बोलतोय. म्हणजे तो तुम्हाला काही सांगत नाहीये, कीजला सांगतोय. एवढी एक गोष्ट विसरलात तर शेवट हातातून गेलाच म्हणून समजा.

काळ. पिक्चर आला १९४४ मध्ये, पण गोष्ट १९३८ च्या लॉस एंजेलिसमधली आहे, नेफ मेमोच्या सुरुवातीलाच १६ जुलै १९३८ ही तारीख बोलतो. महायुद्धाचा मागमूस का नाही म्हणून गोंधळू नका.

सेन्सॉर. हॉलीवूडमध्ये १९३४ पासून प्रॉडक्शन कोड कडकपणे लागू होता. शरीरसंबंध दाखवायचे नाहीत, गुन्हा कसा केला त्याचे बारकावे दाखवायचे नाहीत, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. त्यामुळे महत्त्वाचं जे काही आहे ते फ्रेमच्या बाहेर किंवा दोन शॉटच्या मधल्या फटीत घडतं. "काहीच दाखवलं नाही" असं वाटलं की समजा तिथेच काहीतरी आहे.

नेहमीची चूक: नॉयर म्हणजे हॅट, सिगारेट, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या अशी यादी घेऊन बसणं आणि एकेक दिसलं की खूण करणं. असं बघितलं की माणसं दिसतच नाहीत. यादी घरी ठेवा.

## पायरी ४: पहिल्यांदा, सलग

१०७ मिनिटं एका बैठकीत. जेवून बसा, चहा आधीच करून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत. मध्ये थांबवून "हा आधी कशात होता" असं शोधत बसू नका.

पहिल्यांदा काही शोधायचंही नाही, नुसतं गोष्टीबरोबर जायचं. मात्र एक प्रश्न मनात असू द्या: या सीनमध्ये कोण कोणासमोर नाटक करतंय? सारखा विचारायचा नाही, सीन संपला की एकदा. कारण खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांत सांगून टाकलंय, पैसे मिळाले नाहीत आणि बाईही मिळाली नाही हेसुद्धा नेफ स्वतःच सांगतो. मग उरलं काय? तर माणसं एकमेकांसमोर काय सोंग घेतात आणि ते कुठे गळून पडतं, एवढंच उरलं. खरा पिक्चर तोच आहे आणि तिघांचा अभिनयही तिथेच आहे.

तपासणी: संपल्यावर लगेच कुणाशी बोलण्याआधी दोन ओळी लिहा. कोणता चेहरा आठवतोय आणि कोणता आवाज. जे आठवेल ते, बरोबर-चूक काही नाही. पुढे लागणार आहे.

आता थांबा. इथून पुढे सगळं उघड आहे.

## पायरी ५: दुसऱ्यांदा, मॅकमरेचा आवाज

दोन-चार दिवस जाऊ द्या. दुसऱ्यांदा पूर्ण पिक्चर बघायची गरज नाही, काही सीन निवडून बघायचेत. आणि आधी डोळ्यांनी नाही, कानांनी. श्रुतिका ऐकतो तसं डोळे मिटून ऐका.

"एकाच सुरात बोलतो" म्हणणाऱ्यांना इथे स्वतःलाच उत्तर मिळेल. मॅकमरेकडे निदान तीन आवाज आहेत.

पहिला डिक्टाफोनचा. जखमी माणूस आहे, खांद्याजवळ गोळी लागलीय, तरी तो कण्हत नाही. थकलेला, सपाट, आणि त्या सपाटपणात एक प्रकारचा कोरडा प्रामाणिकपणा. दरवेळी गोष्ट डिक्टाफोनकडे परत आली की कोटावरचा डाग बघा, तो पसरत जातो, आणि आवाजाला तसतसा जास्त जोर लावावा लागतो.

दुसरा सेल्समनचा. फिलिसच्या घरी पहिल्यांदा येतो तेव्हाचा. गाड्यांच्या विम्याच्या नूतनीकरणासाठी आलेला माणूस, चटपटीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू. वेगमर्यादेवरून दोघांचं जे बोलणं होतं, राज्यात ताशी ४५ मैलांची मर्यादा आहे असं ती म्हणते आणि मग ते रूपक दोघं टेनिससारखं खेळवतात, तिथे शब्दांकडे दुर्लक्ष करून नुसता ठेका ऐका. या माणसाने असल्या शंभर दारांवर शंभर बायकांशी असं बोलून घेतलंय हे ठेक्यावरूनच कळतं. तोंडपाठ आहे त्याला.

माझा मामा सांगलीला सबंध आयुष्य विमा एजंट होता. त्याला हा पिक्चर दाखवला तेव्हा इंग्रजी त्याला निम्मंच कळत होतं. पण दुसऱ्या भेटीत फिलिस हळूच विचारते ना, नवऱ्याला त्रास न देता त्याच्या नावावर अपघात विमा काढता येईल का, तिथे मामा सरळ होऊन बसला. म्हणाला, "आता ह्याचा आवाज बघ. पॉलिसी विकताना माणूस वरच्या पट्टीत असतो. हा खाली आला. ह्याला कळलं." मी तो पिक्चर तोवर चारदा बघितला होता आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. नंतर परत लावून बघितलं तर खरंच, नेफ तिला झिडकारून निघून जातो तेव्हा आवाजात संताप आहे, पण चटपटीतपणा पूर्ण गेलाय. आणि चटपटीतपणा गेलेला माणूस परत येणार हे तिथेच ठरतं.

तिसरा आवाज खोटं बोलण्याचा. ऑफिसात कीज समोर उभा असताना फिलिसचा फोन येतो आणि नेफ तिला 'मार्जी' म्हणून बोलतो. इकडे कीज ऐकतोय, तिकडे ती ऐकतेय, दोघांसाठी एकच वाक्य दोन अर्थांनी म्हणायचंय. सहीच्या सीनमध्येही तेच: नवरा डीट्रिक्सन गाडीच्या विम्याचे कागद समजून सही करतो, दुसरी प्रत म्हणून पुढे केलेला कागद अपघात विम्याचा असतो. मामा इथे नुसतं "वाचत नाहीत लोक, वाचत नाहीत" एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. नेफचा आवाज त्या वेळी इतका कंटाळलेला, इतका रोजचा आहे की कुणीही सही करेल.

नेहमीची चूक: आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं म्हणजेच अभिनय, असं धरून चालणं. नेफचं काम लपवण्याचं आहे. तो लपवताना दिसला तर कीजला दिसेल की.

## पायरी ६: स्टॅनविक, आवाज बंद करून

आता उलट करा. म्यूट. सबटायटलही बंद. हे सीन याच क्रमाने बघा.

क) जिना. पहिली भेट. ती वर, टॉवेलमध्ये, तो खाली. मग ती कपडे घालून खाली येते तेव्हा कॅमेरा आधी तिच्या पायांवर आहे, घोट्यात साखळी. नंतर आरशासमोर उभी राहून लिपस्टिक लावते. म्यूटवर बघितलं की लक्षात येतं, ती एकदाही घाई करत नाही. घरी अनोळखी माणूस आलाय, आपण अर्ध्या कपड्यांत होतो, तरी कुठे गडबड नाही. बैठकीच्या खोलीत खिडकीच्या पट्ट्यांतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगताना दिसते तीही बघा. धूळ कॅमेऱ्यात दिसावी म्हणून साइट्झने ॲल्युमिनियमचा बारीक चुरा हवेत सोडला होता. घर शिळं, कोंदट वाटायला हवं होतं आणि ते वाटतं.

आता विग. हो, तो खोटा दिसतो. सोनेरी, कपाळावर गुंडाळी, डोक्यावर ठेवल्यासारखा. अभिनेत्रीने काही चूक केली असं समजून तिथेच अडकू नका. फिलिस ही बाई प्रत्येक सीनमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घेते: दुर्लक्षित बायको, घाबरलेली बाई, शोकात बुडालेली विधवा. तिच्या डोक्यावर खोटे केस आहेत आणि समोरच्या पुरुषाला ते दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. हे धरून पिक्चर बघा, मग विग खटकायचा थांबतो आणि कामाला येतो.

ख) हॅट. संध्याकाळी ती नेफच्या खोलीवर येते, बाहेर पाऊस. म्हणते तुमची हॅट विसरली होती, ती द्यायला आले. तिचे हात बघा. रिकामे आहेत. तो विचारतो हॅट कुठाय, ती म्हणते आत आणून ठेवू ना, तो म्हणतो ठेवा खुर्चीवर. दोघांनाही माहीत आहे की हॅट नाही. पूर्ण पिक्चरमध्ये एवढाच एक क्षण असेल जिथे दोघं एकमेकांना फसवत नाहीयेत, दोघं मिळून एकच थाप मारताहेत. मग गोष्ट एकदम डिक्टाफोनकडे जाते आणि परत येते तेव्हा तो सोफ्यावर रेलून सिगारेट ओढतोय, ती दुसऱ्या टोकाला बसून मेकअप नीट करतेय. सेन्सॉरबद्दल वर लिहिलं ते इथे जोडून बघा.

ग) गाडीतला चेहरा. साधारण निम्म्यावर. ती गाडी चालवतेय, शेजारी कुबड्यांसह नवरा, मागे सीटच्या आड खाली नेफ लपलेला. ठरल्याप्रमाणे ती तीनदा हॉर्न वाजवते. शेजारी खून होतो आणि कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर. डोळे समोर रस्त्यावर. बाकी जवळजवळ काहीच नाही. हा शॉट तीनदा बघा: एकदा नुसते डोळे, एकदा नुसते ओठ, एकदा पूर्ण चेहरा. ओठांच्या कडेला काहीतरी किंचित सैल होतं, समाधान म्हणा, सुटका म्हणा. प्रत्येक वेळी ते बघून माझ्या अंगावर काटा येतो, आणि दरवेळी मला ते आधीच्यापेक्षा लहान वाटतं. दुसरी एखादी नटी इथे डोळे मोठे करून मोकळी झाली असती.

घ) दुकान. खुनानंतर दोघं किराणा दुकानात फडताळांच्या मध्ये भेटतात, तिने काळा गॉगल लावलाय. डोळेच झाकल्यावर अभिनेत्रीकडे काय उरतं ते बघायला हा सीन आहे: जबडा, मान, आणि ट्रॉली-डब्यांच्या मध्ये उभं राहायची ती ताठ पद्धत. आता एकदा आवाज चालू करून ऐका. शेवटपर्यंत दोघांनी सरळ एका रेषेत जायचं, हे आधी नेफचं आणि मग दोघांचंच झालेलं वाक्य आता धमकीसारखं ऐकू येतं. शब्द तेच, त्यातलं प्रेम गेलेलं.

च) शेवटची खोली. काळोख, बाहेरून रेडिओवरचं गाणं ऐकू येतंय, खुर्चीच्या गादीखाली पिस्तूल. ती त्याला एक गोळी घालते आणि दुसरी घालू शकत नाही. त्यावर ती म्हणते की मी कुणावरच कधी प्रेम केलं नाही, आत्ता एका मिनिटापूर्वीपर्यंत. लोक दोन गटांत भांडतात, खरं बोलत होती की वाचायला नवं सोंग होतं. माझं मत ती खरं बोलतेय, आणि मी ते शब्दांवरून म्हणत नाही. त्याआधीच्या प्रत्येक सीनमध्ये ती बोलायच्या आधी समोरच्याचा अंदाज घेते, इथे घेत नाही. बोलून झाल्यावर स्वतःलाच नवल वाटल्यासारखा चेहरा होतो. तुम्हाला उलट वाटलं तर हरकत नाही, फक्त चेहऱ्यावर काय दिसलं म्हणून तसं वाटलं ते सांगता आलं पाहिजे.

तपासणी: म्यूटवर बघून झाल्यावर 'व्हॅम्प' (पुरुषांना नादी लावणारी बाई) हा शब्द न वापरता फिलिसबद्दल तीन वाक्यं लिहा. जमत नसेल तर ग) परत.

## पायरी ७: रॉबिन्सन आणि काडेपेटी

तिसऱ्यांदा सलग बघा आणि या वेळी कीज हाच हिरो आहे असं समजून बघा. हे मी गमतीने सांगत नाही. हा पिक्चर म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेला कबुलीजबाब आहे, आणि तो ऐकणारा माणूस कीज आहे.

रॉबिन्सन अंगाने बुटका आणि कायम घाईत. कोट नसलेला, वेस्टकोटात. बोलताना हात सतत हवेत. सुरुवातीलाच ट्रक जळाल्याचा खोटा क्लेम घेऊन आलेल्या माणसाला तो पकडतो तिथे बघा: तो चिडतो कुठे आणि मऊ कधी होतो. कागदावर सही घेईपर्यंत चिडलेला असतो, आणि नंतर त्या बावरलेल्या माणसाला दाराची मूठ कशी फिरवायची ते जवळजवळ मास्तरासारखं समजावतो.

मग आत्महत्यांच्या आकडेवारीचा तो मोठा संवाद, मालक नॉर्टनसमोरचा. डीट्रिक्सनने आत्महत्या केली असं नॉर्टन ठामपणे म्हणतो आणि कीज त्याला वंश, धंदा, ऋतू, विषाचे प्रकार अशी तक्त्यांची यादी एका दमात ऐकवतो. इथे लोक शब्द पकडायच्या नादात दमतात. शब्द सोडा, वेग धरा. कुठे श्वास घेतो, कुठे जाणून घेत नाही. तबलजी तिहाईकडे जाताना जसा आपण नकळत पुढे सरकतो तसं होतं.

आता मुख्य काम. काड्या मोजा. कीजला सिगार लागतो पण त्याच्याकडे काडेपेटी कधीच नसते, खिशात पेटतात म्हणून ठेवत नाही म्हणतो. तो खिसे चाचपायला लागतो आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याच्यापुढे धरतो. प्रत्येक वेळी. वहीत खूण करा आणि शेजारी लिहा की नेफ त्या क्षणी कीजपासून काय लपवत होता. पहिल्यांदा काहीच लपवत नव्हता. पुढे पुढे हाताची सवय तीच राहते आणि मनात काहीतरी भलतंच असतं, आणि मॅकमरे हातात काही फरक पडू देत नाही.

शेवटी ऑफिसच्या दारात नेफ कोसळलाय, तोंडात सिगारेट धरतो, काडी ओढायला जमत नाही. कीज खाली वाकतो, काडी घेतो आणि नखावर ओढून त्याच्यापुढे धरतो. सबंध पिक्चरभर ज्याला काडी पेटवून दिली जात होती तो आता पेटवतो. तू शोधत होतास तो माणूस टेबलाच्या पलीकडेच होता, फार जवळ, असं नेफ म्हणतो, आणि त्यावर कीज जे म्हणतो, त्याहूनही जवळ, ते रॉबिन्सन किती हळू म्हणतो ते ऐका. आकडेवारीवाला तोच माणूस, तोच गळा.

नेहमीची चूक: कीज म्हणजे डिटेक्टिव्ह, तो खुनी पकडणार, असं धरून त्याला बघणं. त्याचा हुशारपणा नेफपाशी येऊन अडतो, कारण नेफ त्याला आवडतो. स्वतःच्या शेजारी बसवायला, सहाय्यक करायला बघतोय तो त्याला. रॉबिन्सनने ती माया कुठे बोलून दाखवली नाही, ती चिडचिडीत लपवलीय. घराघरात असा एखादा काका असतो, रागवण्यातूनच जीव लावणारा.

## पायरी ८: दोन अडचणीच्या जागा

गाडी सुरू होत नाही. प्रेत रुळांवर टाकून दोघं गाडीत बसतात आणि इंजिन चालू होईना. इथे बहुतेक लोक आता काय होणार म्हणून गाडीकडे बघतात. तुम्ही दोघांचे चेहरे बघा, आणि मग स्वतःला विचारा: गाडी सुरू व्हावी असं मला का वाटलं? खुनी पळून जावेत असं तुम्हाला वाटलं. त्या काही सेकंदांत पिक्चरने तुम्हाला त्यांच्या बाजूला ओढलेलं असतं.

दार. नेफच्या खोलीचं दार बाहेर, कॉरिडॉरमध्ये उघडतं आणि फिलिस त्यामागे लपते. असली दारं आत उघडतात, बरोबर आहे, चूक सगळ्यांना दिसते. एकदा हसून घ्या आणि सोडून द्या. मग दाराच्या मुठीवरचा नेफचा हात, मागे ती आणि समोर कीज, तिघं एका फ्रेममध्ये बघा. ती तिथे आहे हे कीजला माहीत नाही आणि मधल्या नेफला दोघांशी चेहरा सांभाळायचाय.

## पायरी ९: लिहून काढणं

स्टार देऊ नका, "मास्टरपीस" लिहू नका, त्यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. एकच सीन निवडा, शक्यतो दोन मिनिटांच्या आतला, आणि या क्रमाने लिहा: कोण कुठे उभं आहे, प्रकाश कुठून येतोय, हात काय करताहेत, मग शब्द, आणि सगळ्यात शेवटी तुमचं मत. मत आधी लिहिलं की बाकीचं सगळं त्याला जुळवून दिसायला लागतं.

पहिल्या रात्री लिहिलेल्या त्या दोन ओळी आता काढा आणि शेजारी ठेवा. माझ्या पहिल्या ओळीत स्टॅनविकचा चेहरा आणि मॅकमरेचा आवाज होता, रॉबिन्सनचं नावसुद्धा नव्हतं. आता नावं आधी येतात तेव्हा कुबड्यांवर चालत येणारी ती काळी आकृती नवऱ्याची आहे की त्याचं सोंग घेतलेल्या नेफची, एवढं एकदा परत लावून बघा. चाल नीट बघा, घाईने ठरवू नका.